झऱ्याच्या डोक्यावर मारलेली बोअर

गुलाल उधळला जात होता आणि मी ओरडत होते, "बंद करा! इथंच थांबा!"

कोण ऐकतंय? बोअरच्या गाडीचा कॉम्प्रेसर धडधडत होता. जमिनीतून आधी तांबडा चिखल आणि त्यामागोमाग पाणी उसळलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीला गावी आलेली तरुण मंडळी त्या चिखलात नाचत होती. कुणीतरी नारळ फोडला. गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष दत्ताराम पाष्टे पांढऱ्या शर्टावरचे शिंतोडे मिरवत माझ्याकडे आले.

"बघितलंत मॅडम? तुमच्या मशीनशिवाय पाणी लागलं."

"लागणारच होतं. खाली हाकेच्या अंतरावर झरा आहे. झऱ्याच्या डोक्यावर भोक पाडल्यावर पाणी नाही तर काय दूध लागणार?"

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

मी भूजलतज्ज्ञ आहे. जमिनीखाली पाणी कुठे आहे, ते किती उपसता येईल आणि उपसलं तर कुणाचं आटेल, हे सांगणं माझं काम. पहिला प्रश्न मला सगळे विचारतात. दुसरा क्वचित कुणीतरी विचारतो. तिसरा आजवर एकाही गिऱ्हाईकाने आपणहून विचारलेला नाही. आधी बरीच वर्षं सरकारी नोकरीत होते, आता रत्नागिरीत बसून खाजगी सल्ला देते. लोक सल्ला घेतात, चहा पाजतात आणि मनात असतं तेच करतात.

हे गाव रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आत वळलं की लागतं. नाव सांगत नाही, कारण आसपासच्या कुठल्याही गावाला ही गोष्ट लागू पडेल. अध्यक्षांनी मला बोअरचा पॉइंट द्यायला बोलावलं होतं. पॉइंट म्हणजे बोअर नेमकी कुठे मारायची ती जागा. मी पोचले तर काम अर्ध्यावर आलेलं. मुहूर्त पहाटेचा होता म्हणे. जागा एका पाणाड्याने दिली होती. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो गावावरचा सगळा कातळ फिरला आणि नारळ उभा राहिला तो बरोबर झऱ्याच्या वर. त्या झऱ्याकाठी बाराही महिने हिरवं गवत असतं. नारळाला बहुधा ते दिसलं असावं.

"मग मला कशाला बोलावलंत?"

"रिपोर्ट लागतो ना मॅडम. शास्त्रीय."

बोअर कशासाठी, तर गावची लोकसंख्या वाढली म्हणून. अध्यक्षांनी सकाळीच सहाणेवर, म्हणजे शिमग्यात देवाची पालखी बसते त्या चौथऱ्यावर उभं राहून यावर भाषण ठोकलं होतं. लोकसंख्येचा स्फोट, पृथ्वीवरचा भार, संपत चाललेली साधनसंपत्ती, सगळं त्यात होतं. मोबाइलवरून पाठ केलेलं असावं. टाळ्याही पडल्या.

आता या स्फोटाची हकिगत ऐका. गावातली शाळा बंद पडलीय, कारण शिकायला पोरंच नाहीत. पावसाळा सुरू झाला की अर्ध्याहून जास्त घरांना कुलपं. वर्षभर गावात राहतात ती म्हातारी माणसं, काही बायका आणि रिक्षावाला. बाकी सगळे विरारला, दिव्याला, पनवेलला. शिरगणती करणारा येतो तेव्हा हे लोक तिकडे मोजले जातात आणि आंघोळीला इकडे येतात. गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात. त्यामुळे सरकारी योजनेत गाव बारीक आणि नळाखाली गाव दांडगं. योजना आखणारा इंजिनियर कागदावरच्या माणसांना दरडोई पाण्याने गुणतो आणि टाकीचा आकार ठरवतो. मे महिन्यात त्या टाकीत दुपारपर्यंत खडखडाट होतो. मग म्हणायचं, लोकसंख्या वाढली.

वाढली ती घरं. एकेका भावाचा वेगळा बंगला. प्रत्येकाला वर-खाली बाथरूम, गच्चीवर काळी टाकी, दारात गाडी धुवायला पाइप. माणूस तोच, पण त्याची तहान आता टाइल्स लावून बसलीय. आणि या बंगल्यांचे चिरे कुठून आले? गावच्या सड्यावरच्या चिरेखाणीतून.

हे नीट सांगायला हवं, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. आमच्या रत्नागिरीत गावांच्या वर जो सपाट, उघडा कातळ दिसतो तो सडा. तो जांभ्या दगडाचा; चिरे म्हणजे याच दगडाच्या कापलेल्या विटा. जांभ्याला भोकंच भोकं असतात. पावसाचं पाणी तो पिऊन घेतो. त्याच्या खाली चिकणमातीचा थर आहे, तो पाणी खाली जाऊ देत नाही. ताटात ओला स्पंज ठेवला की पाणी ताटाच्या कडेने ओघळतं, तसं ते पाणी सड्याच्या उतारावर झरा होऊन बाहेर येतं. म्हणजे सडा हीच गावाची टाकी. निसर्गाने फुकट बांधून दिलेली. आमच्या लोकांनी ती टाकी कापून तिची घरं बांधली आणि मग घराच्या नळाला पाणी का नाही म्हणून सभा घेतली. शिकलीसवरलेली माणसं ही. मला आजही याचा संताप येतो.

तर, चिखलात उभी राहून मी हे ताट आणि स्पंज पाष्ट्यांना समजावत होते. म्हटलं, "आत्ता जे पाणी लागलंय ते स्पंजातलं आहे. आणखी खाली गेलात तर ताटाला भोक पडेल. त्याखाली काळा दगड आहे. त्यातल्या भेगा रिकाम्या असल्या तर वरचं पाणी तिकडे उतरून जाईल."

"आणि भेगेत पाणी असलं तर?"

"असेलही. पण जायचंच असेल तर काळ्या दगडापर्यंत अखंड केसिंग पाइप टाका आणि त्याच्या बाहेरून सिमेंट भरा. वरचं पाणी वर राहू दे."

केसिंग म्हणजे बोअरची माती ढासळू नये म्हणून आत उतरवतात तो पाइप. अध्यक्ष विचारात पडले. मला वाटलं, पटतंय.

"म्हणजे वरचं पाणी पाइपमध्ये येणारच नाही?"

"नाही."

"मग ते फुकट जाणार! नाय नाय. पाइपला भोकं पाडा रे. वरचं पण घेऊ, खालचं पण घेऊ."

गाडीचा ऑपरेटर सेल्वम तमिळ होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पैसे देणाऱ्याकडे बघितलं आणि वेल्डिंगची कांडी उचलली. मंडळाच्या पोरांनी पाइप धरला. भोकं पाडलेला तो पाइप चिकणमातीतून पार करून काळ्या दगडावर टेकवला गेला. पुढे बोअरच्या गाडीचा दगड फोडणारा हातोडा पुन्हा सुरू झाला. काळी भुकटी उडायला लागली. दुपारी कधीतरी हातोडा एकदम सैल पडला. भेग लागली होती. आणि बोअरमधून वर येणारं पाणी थांबलं.

सेल्वमने मशीन बंद केलं. "पानी नीचे गया, साब."

तेवढ्यात एका पोराने पाइपला कान लावला आणि किंचाळला, "आवाज येतोय! पाण्याचा आवाज येतोय!"

एकेक करून सगळ्यांनी कान लावले. अध्यक्षांनी लावला. खाली खरोखरच धो धो पाणी पडत होतं. पुन्हा गुलाल निघाला. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्यांनी मलाही कान लावायला लावला.

"ऐका मॅडम, केवढा साठा आहे!"

"हा साठा नाही," मी म्हटलं. "हा तुमचा झरा पडतोय. पाइपच्या भोकांतून आत येतोय आणि भेगेत चाललाय."

माझ्याकडे असं बघितलं गेलं, जणू मी लग्नात येऊन शिंकले. रिपोर्टवर सही न करता मी घरी आले.

दुसऱ्याच दिवशी सुगंधाकाकींचा फोन आला. झऱ्याच्या खालचं घर त्यांचं. नवरा गेलाय, मुलगा पनवेलला. झऱ्याच्या पाण्यावर त्या उन्हाळ्यात भाजी करतात, एक म्हैस पाळतात, आणि वाडीतल्या चार म्हाताऱ्यांचं पिण्याचं पाणीही तिथलंच. नळ येतो तेव्हा येतो. झरा मात्र त्यांच्या लग्नापासून एकदाही आटला नव्हता.

"बाय, झरा करंगळीएवढा झाला गो. म्हशीला काय पाजू? या लोकांनी काय केलानी आमच्या पान्याचं?"

मी गेले. न बोलावता आणि बिनपैशाने. सहाणेवर सभा भरलीच होती. बोअरमध्ये मोटर सोडून झाली होती आणि मोटरीने फक्त हवा ओढली होती. मी सांगितलं, पाइप उपसून काढा आणि बोअर बंद करा, अजून वेळ आहे. झरा पूर्ण सुकला तर वाडी गेली.

"बंद?" अध्यक्षांचा चेहरा उतरला. "मॅडम, कोनशिला तयार आहे. वर्गणी काढलीय सगळ्यांनी. अजून खोल जाऊ. झरा आज ना उद्या आटणारच होता, लोकसंख्या एवढी वाढल्यावर."

"कुठे आहे ती लोकसंख्या? दाखवा मला."

"आहे की. हे सगळे कोण बसलेत?"

"हे पंधरवड्यात जाणार."

यावर गलका उठला. एकाने उपाय काढला की टँकर मागवून झऱ्यात ओतावा. दुसरा म्हणाला, समुद्राचं पाणी गोड करतात तशी मशीन आणू. मी हात टेकले. भूगोलात पास झालेली ही माणसं आहेत यावर माझा विश्वास बसेना.

तेव्हा सुगंधाकाकी उठल्या. त्या सभेत कधी बोलत नाहीत, असं मला नंतर कळलं. कमरेचा जुडगा त्यांनी सोडला. चाव्यांचा. प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. गावातल्या साऱ्या बंद बंगल्यांच्या चाव्या त्यांच्याकडे असतात. पावसात खिडक्या बंद करणं, वाळवी बघणं, तुळशीला पाणी घालणं, गणपतीच्या आधी घर झाडून घेणं, सगळं त्याच करतात. कोकणात असं एखादं माणूस प्रत्येक वाडीला लागतं आणि ते गृहीत धरलेलं असतं.

त्यांनी तो जुडगा अध्यक्षांच्या पायाशी टाकला.

"घ्या आपापल्या चाव्या. पानी नाय तर मी जातंय पनवेलला, लेकाकडं. म्हैस विकतंय. मग बसा बोअर उघडी टाकून."

"अहो काकी, असं काय करता?"

"मग काय करू? तुमी मे महिन्यात येनार, आंगोळी करनार नि जानार. मी हितं राहतंय. माझं पानी घालवलात."

त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. कुणी चावी उचलायला पुढे झालं नाही. ज्या माणसांना लोकसंख्या वाढल्याची एवढी धास्ती होती, ती गावातून एक बाई कमी होणार म्हटल्यावर पांढरी पडली. अध्यक्षांच्या बंगल्यात त्यांच्या आईची भांडी, देवघर, नवं फर्निचर. जूनपासून कोण बघणार?

अध्यक्षांनी जुडगा उचलला, झटकला आणि काकींच्या हातात दिला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बोअर बंद करायला काय काय लागतं?"

सेल्वमची गाडी अजून तालुक्यातच होती. बोअर बुजवायला बोलावलेलं त्याच्या आयुष्यात हे पहिलंच काम. तो दिवसभर हसत होता. भोकांचा पाइप उपसून काढला. खाली भेगेपर्यंत खडी भरली, तिच्यावर सिमेंट, आणि चिकणमातीच्या थराइतक्या भागात चिकणमातीचेच गोळे ठासून भरले. ताटाच्या भोकाला डाग दिला, एवढंच. काकी शेवटपर्यंत शेजारी उभ्या होत्या. आवाज थांबला का, म्हणून त्यांनी मला विचारलं. थांबला होता.

झरा लगेच पूर्वीसारखा झाला नाही, पण आणखी बारीकही झाला नाही. उरलेला मे महिना काकींनी म्हशीला पुरवून पुरवून पाजलं. पावसानंतर त्याला पुन्हा धार आली. पहिल्याइतकी नाही, आणि होणारही नाही, कारण वरची चिरेखाण चालूच आहे. तिच्याविषयी सभेत कुणी बोललं नाही. अर्ध्या सभेचे बंगले अजून अपुरे होते. कोनशिला मात्र वाया गेली नाही. बुजवलेल्या बोअरवर ती बसवली आणि अध्यक्षांच्या हस्ते झरा संरक्षण प्रकल्पाचं उद्घाटन झालं. मला आमंत्रण होतं. मी गेले नाही.

पुढच्या मे महिन्याच्या तोंडावर पाष्ट्यांचा फोन आला. या वेळी गावाच्या दुसऱ्या अंगाला बोअर मारायचा विचार होता.

"कशासाठी?"

"मॅडम, लोकसंख्या फारच वाढलीय हो."

"बरं. आज तुमच्या गावात किती माणसं आहेत?"



"थांबा हां," ते म्हणाले, "काकींना फोन करून विचारतो."

तेव्हापासून मी एक नियम केलाय. पाणी कुठे आहे हे सांगण्याआधी मी गावात चाव्या कुणाकडे असतात ते विचारते, आणि पहिला चहा त्या घरी घेते.