सातव्या वळणावरची बस

उत्तम पालशेतकर पहिल्यांदा यतीन धनावड्यांच्या घरी पोचला तेव्हा तिथे नुकताच भीषण बस अपघात झाला होता. बावन्न प्रवासी दरीत कोसळले होते, बसची चाकं आभाळाकडे तोंड करून फिरत होती, आणि बसचा ड्रायव्हर डायनिंग टेबलाशी बनियनवर बसून समोरून आलेल्या एका परदेशी ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा हिंदीतून उद्धार करत होता. आवाज असा, की सिल्व्हर पार्कच्या त्या इमारतीतली झाडून सगळी कबुतरं तेवढ्यापुरती शेजारच्या सोसायटीत राहायला गेली होती. ड्रायव्हरची बायको, ममताकाकी, ओट्यापाशी शांतपणे चहात आलं किसत होती. रोज बावन्न माणसं दरीत जायला लागली की घरच्यांना त्याचं काही वाटेनासं होतं.

"तुम्ही कोण, आरटीओ?" यतीनकाकांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवाला."

"मग या. बसा. ब्रेक फेल आहे."

ब्रेक फेल नव्हता. टेबलाच्या कडेला पकडीत घट्ट आवळलेलं एक स्टिअरिंग होतं, समोर पडदा होता, पडद्यावर घाटातून बस चालवायचा गेम होता. काकांनी तीस वर्षं मुंबईत खरी बस चालवली होती. निवृत्त होऊन मिरा रोडला राहायला आले आणि गेल्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, वाचा सावरली, फक्त उजवा हात मागे राहिला. ते स्टिअरिंग मुलीने, संचिताने, पाठवलं होतं.

"बघा आता," म्हणून काकांनी गेम परत सुरू केला. उत्तमने खिशातून स्टॉपवॉच काढलं.

या स्टॉपवॉचबद्दल सांगायला हवं. उत्तम मूळचा गुहागरकडचा. भाईंदर पश्चिमेला मोरव्याच्या रस्त्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ते तो सकाळी उघडतो आणि रात्री बंद करतो. मधल्या वेळात आलेली गिऱ्हाइकं परत पाठवतो. कारण त्याचा खरा पिंड कबड्डीच्या पंचाचा. चढाईचे तीस सेकंद मोजायला घेतलेलं घड्याळ त्याने दुकानातही चालू ठेवलं. एकदा वरसाव्याच्या मैदानावर, शेवटच्या मिनिटाला, त्याने सख्ख्या मेहुण्याला बाद दिलं होतं. अंगठ्याचं नख रेषेबाहेर होतं म्हणून. सामना गेला. बायको, शेवंती, पंधरा दिवस त्याच्याशी भिंतीकडे बघून बोलत होती.

"मला दिसलं तेच दिलं," एवढंच तो म्हणाला.

दुकानातही हाच कायदा. कॉलेजातला रोशन नावाचा मुलगा आला. म्हणाला, "अंकल, एसएसडी टाकून द्या, गेममध्ये मी सारखा मरतोय." दुसऱ्या कुणी ती लगेच टाकली असती. उत्तमने त्याला समोर बसवून समजावलं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती गरगर फिरते, म्हणून माहिती शोधायला वेळ लागतो. एसएसडीत काही फिरत नाही, ती पटकन देते. गेम लवकर उघडेल, नवा नकाशा लवकर येईल. पण चित्र किती सफाईने पळतं ते ग्राफिक्स कार्डावर.

"आणि तू मरतोयस ते तुझ्या नेमामुळे," उत्तमने निकाल दिला. रोशन जो गेला तो स्टेशनजवळच्या दुसऱ्या दुकानाचं कायमचं गिऱ्हाईक झाला.

"तुम्हाला दुकान नको होतं," शेवंती म्हणाली, "शिट्टी पुरली असती."

तर काकांच्या घरी उत्तमने वेळ मोजली. गेम उघडायला तीन मिनिटं दहा सेकंद लागली. बस निघाली. सहा वळणं कशीबशी गेली. सातव्या वळणावर, जिथे झाडी संपून एकदम खालची दरी दिसते, तिथे चित्र क्षणभर अडखळलं, आणि बस कठड्यावरून गेली.

"बघितलं?" काका म्हणाले. "आपला हात नाय. हा कॉम्प्युटरचा डबा अडकतोय. असं इंजिन डेपोतून बाहेर नसतं सोडलं मी."

अडखळणं खरं होतं. पुढचा सगळा देखावा डिस्कवरून वर येईपर्यंत चित्राचा श्वास अडकत होता. काका अंघोळीला गेले तेव्हा उत्तम स्वतः स्टिअरिंगवर बसला. सातव्या वळणावर झटका बसला, त्याने चाक घट्ट धरलं, बस पलीकडे गेली. परत एकदा चालवून बघितलं. परत गेली. आयुष्यात कधी स्कूटरच्या पुढे न गेलेला माणूस. पण त्याचे दोन्ही हात धड होते.

ममताकाकींनी त्याला गॅलरीत बोलावलं. "उत्तमभाऊ, त्यांना व्यायामाला रबरी बॉल दिला होता. त्यांनी तो इथून खाली टाकला. दोऱ्या दिल्या, त्यांचं कपडे वाळत घालायला केलं. फिजिओवाली म्हणते, हात रोज चालला तरच काही आशा आहे, नाहीतर आहे तेही जाईल. दीड महिना झाला, या एका चाकावर दोन-दोन तास बसतात. चिडतात, पण बसतात. ती नवी डिस्क टाका. खूश होतील."

उत्तमला जे दिसलं होतं ते त्याने सांगितलं. "काकी, गेम चटकन उघडेल. वळणावरचा झटकाही जाईल. पण बस जाते ती त्या झटक्यामुळे नाही. झटका होता तरी मी नेली. दोनदा."

काकींनी वाळत घातलेला टॉवेल दोरीवर सारखा केला. "हे त्यांना सांगू नका."

"मी नाही सांगणार. पण डिस्क सांगेल."

काकींना ते नीट कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. "टाका तुम्ही," त्या म्हणाल्या. उत्तमला वाटलं, आपण खरं सांगितलं, आपलं काम झालं. पंचाने निकाल द्यावा. पुढे खेळाडूचं काय होतं ते बघत बसायचं नसतं.

दोन दिवसांनी त्याने जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवलं आणि दुकानात नेलेला डबा परत आणून लावला. गेम एकोणीस सेकंदांत उघडला. काकांनी मांडीवर थाप मारली. "मिस्त्री, हे तर व्होल्वो झालं की रे." काकींनी ओट्याजवळून उत्तमकडे बघितलं. बघा, असं ती नजर म्हणत होती.

बस निघाली. सहा वळणं गेली. सातव्यावर झाडी संपली, दरी दिसली, चित्र जराही अडखळलं नाही, लोण्यातून सुरी जावी तसं सरकलं. आणि बस कठड्यावरून गेली.

काका परत निघाले. परत गेली. तिसऱ्यांदा त्यांनी फार सांभाळून, मुंगीच्या चालीने वळण घेतलं. कुणी ट्रकवाला समोर नव्हता. उजवा हात चाकावरून हळूच घसरला आणि बस, तेवढ्याच हळू, खाली गेली.

या वेळी शिवी आली नाही. काकांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि कुणाचीतरी वस्तू परत ठेवावी तसा मांडीवर ठेवला. "फास्ट झालंय," ते म्हणाले. "चांगलं काम केलंस." मग उठून आतल्या खोलीत जाऊन पडले. उत्तम वायरी आवरत राहिला. चहा झाला होता, पण घ्या म्हणायचं काकींच्या लक्षात राहिलं नाही.

आठवड्याने काकी मोरव्याला दुकानात आल्या. रिक्षातून उतरल्यावर थोडा वेळ पायरीवरच थांबल्या.

"बसत नाहीत ते. चाकावर उशीचा अभ्रा घातलाय. म्हणतात, संचिताला परत पाठव." त्यांनी पदराच्या टोकाने चष्मा पुसला. "ती जुनी डिस्क टाकून दिलीत का हो?"

उत्तमने डिस्क टाकलेली नव्हती. ड्रॉवरमध्ये, चिठ्ठी लावून ठेवली होती. त्याने ती काढून टेबलावर ठेवली. पंचवीस वर्षांत त्याने दिलेला निकाल फिरवला नव्हता. आणि हे नुसतं फिरवणं नव्हतं. धड मशीन मुद्दाम बिघडवायचं होतं, आणि त्यावर काकांना खोटं कारणही सांगायचं होतं.

"काय सांगू त्यांना?" त्याने विचारलं.

"तुम्ही एवढे खरं बोलणारे," काकी म्हणाल्या, "तुम्ही काहीही सांगितलंत तरी पटेल."

संध्याकाळी उत्तम सिल्व्हर पार्कला गेला. काका पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"काका, ती नवी डिस्क काढायला लागेल. डिफेक्ट निघालाय. जुनीच लावतो."

काका वळले. "काय डिफेक्ट?"

हा प्रश्न येईल हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. उत्तमने तयारी केली नव्हती. त्याने पंख्याकडे बघितलं. मग कॅलेंडरकडे. "जरा... जास्तच फास्ट आहे," तो म्हणाला.

दारात ममताकाकींनी डोळे मिटून घेतले.

काकांनी त्याला नीट न्याहाळलं. तीस वर्षं त्यांनी मेकॅनिक लोकांच्या थापा ऐकल्या होत्या; इतकी कच्ची थाप त्यांना कुणी मारली नव्हती. त्यांनी एकदा काकींकडे बघितलं, एकदा स्वतःच्या उजव्या हाताकडे.

"वाटलंच मला," ते अखेर म्हणाले. "घाटात एवढा स्पीड बरा नाय. काढ ती."

उत्तमने जुनी डिस्क बसवली. गेम उघडायला तीन मिनिटं बारा सेकंद लागली. काकींनी अभ्रा काढून घडी केली. सातव्या वळणावर चित्र अडखळलं, बस गेली, आणि काकांनी आठवड्यात पहिल्यांदा शिवी दिली, पण उत्तमला ती जरा बेताचीच वाटली. "डबा आहे हा, डबा," ते म्हणाले. पडद्याकडे बघून म्हणाले. उत्तमकडे बघायचं त्यांनी टाळलं. मग उजवा हात डाव्याने उचलून चाकावर ठेवला आणि परत निघाले.

घरी जाऊन उत्तमने शेवंतीला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. "माझ्या भावाच्या वेळी सुचलं नाही हे," एवढंच बोलली, आणि त्याला नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त वाढली.

जुनी डिस्क त्यानंतर पावणेचार महिने चालली. तोवर यतीनकाका रोज दोन तास बसत होते. हाताला काही फरक पडला नाही. जूनमध्ये डिस्क बंद पडली, तिच्यातला गेम गेला, आणि त्यांनी तो परत टाकून घेतला नाही.