सिलिंडरखालचा जाड कागद

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शाळा झाली. पुढची शाळा औशाला होती, तिथं मुलीला रोज एसटीनं कोण पाठवणार, म्हणून घरीच राहिले. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. पण लेकीच्या हाती लागलीच तर तिनं चुका शोधत बसू नये.

भूकंपात आमचं गावचं घर बसलं. माणसं वाचली. ह्यांचं गॅरेज घराच्या पुढच्याच खोलीत होतं. दगडमाती उपसल्यावर त्यातून कानशींचा डबा तेवढा धड निघाला. तो घेऊन आम्ही लातूरला आलो आणि औसा रोडला एक पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं. उन्हाळ्यात आत भाजून निघायचं, तरी मला तेच बरं वाटायचं. डोक्यावर दगड नव्हते.

काही वर्षांत आमच्या चहूकडं क्लास निघाले. गावोगावची पोरं-पोरी खोल्या करून राहायला आली. त्यांना नेणारे ऑटो, सरांच्या स्कूटरी, सगळं टू-स्ट्रोक इंजिनचं, आणि ह्यांचा हात त्यातच बसलेला, त्यामुळं ह्यांना कामाची कमी नव्हती. मी मागच्या बाजूला पोत्याचा पडदा लावून बसायचे. गिऱ्हाइकासमोर जायला मला फार लाज वाटायची. पडद्याआड सायलेन्सरची काजळी खरवडायची आणि पॅकिंग कापायचं, ही माझी कामं. पॅकिंग म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसवायचा कागद, गळती होऊ नये म्हणून. विकतचं महाग पडायचं, म्हणून आम्ही जुन्या लग्नपत्रिका वापरायचो. पत्रिका भागावर ठेवायची आणि कडेकडेनं हातोडीनं हलकं ठोकत जायचं, आकार आपोआप कापला जातो. माझं पॅकिंग कधी गळलं नाही. एवढा एक अभिमान मला होता.

एका हिवाळ्यात नांदेडकडचे एक शेतमालक टेम्पोत घालून एक गाडी घेऊन आले. चार जाड चाकं, वर मोटारसायकलीसारखं हँडल. ते आणि त्यांचे चार दोस्त असल्या गाड्यांची शर्यत लावायचे. आटलेल्या तळ्यात पाणी सोडून चिखल करायचा, त्यातून निघायचं आणि बांधावर चढायचं.

"मिस्त्री, मला वरचा स्पीड नको," ते म्हणाले. "चिखलातून उठताना ओढ पाहिजे. बैल कसा खाली वाकून ओढतो, तशी."

"करून देतो की," हे म्हणाले.

टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात. पिस्टन वर-खाली होताना त्या झाकतो आणि उघडतो. धूर जायची खिडकी उंच केली की गाडी वरच्या स्पीडला पळते, पण खालची ओढ जाते. हे ह्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून ह्यांनी खिडक्यांची उंची तशीच ठेवली, फक्त आतल्या वाटा कानशीनं गुळगुळीत केल्या. दोन दिवस एकाच सिलिंडरवर बसले होते. मग मला आवाज दिला, "बुडाचं पॅकिंग काप गं, चांगल्यातलं."

चांगल्यातलं म्हणून मी एका क्लासच्या सत्काराची पत्रिका काढली. गुणवंत मुलांचे फोटो असलेली, चकचकीत आणि पुठ्ठ्यासारखी जाड. तसा कागद माझ्या हाताखाली कधी आला नव्हता.

आठ दिवसांनी गाडी परत आली. शेतमालक टेम्पोतून उतरले तेच बोलत.

"मिस्त्री, म्हैस बसली माझी! सगळं तळं हसलं. नुसती किंचाळती, जागची हलत न्हाई."

समोरचा ऑटोवाला भाऊ चहा पीत होता. तो म्हणाला, "विमान बनवलं काय हो मिस्त्री? धावपट्टी पाहिजे तिला."

हे हसले नाहीत. सिलिंडर उघडला, खिडकीच्या कडेवरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "माझाच हात जास्त चालला असणार. खिडकी उंच झाली. घासलेलं लोखंड पुन्हा भरता येत न्हाई." तसला सिलिंडर मुंबईहूनच मागवायचा होता आणि त्याचे पैसे आमच्या अंगावर होते.

हे मुखेडला गेले आणि ह्यांच्या थोरल्या बहिणीकडून, आक्कांकडून पैसे घेऊन आले. आक्कांनी शिलाई करून पोरीच्या क्लासची फी साठवली होती. पोरगी दहावीला होती, जूनमध्ये लातूरला यायची होती. आक्का ह्यांना म्हणाल्या, "दे पर जूनच्या आधी दे. तिचं वरीस गेलं तर मी तुझं तोंड बघणार न्हाई." ह्यांनी मुंबईला आगाऊ रक्कम पाठवली.

गाडीचे सुटे भाग धुवायला माझ्याकडं आले. कंपनीचं मूळ पॅकिंग एका डब्यात पडलं होतं. ते उचललं तर कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ. शेजारी माझं, सत्काराच्या पत्रिकेचं. बुडाशी जाड कागद घातला की अख्खा सिलिंडर वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर खिडक्याही. म्हणजे ह्यांचा हात चुकलाच नव्हता.

ऑटोला तेवढ्यानं फरक कळत नाही, म्हणून इतकी वर्षं खपलं. सांगावं तर चूक माझी, आणि पैसे तर गेलेले. दोन दिवस मी दोन्ही पॅकिंगं पोत्याखाली दडवून ठेवली. पण हे येईल त्याला सांगायचे, माझा हात आता कामाचा राहिला नाही. तिसऱ्या दिवशी एका सरांची स्कूटर ह्यांनी न उघडताच परत पाठवली. तेव्हा मी पडदा सारून बाहेर आले आणि दोन्ही पॅकिंगं ह्यांच्या हातावर ठेवली.

"अहो, हे माझ्यामुळं झालं."

हे दोन्ही कागद बोटांत धरून चोळत राहिले. मला वाटलं, आता ओरडणार.

"सत्काराची पत्रिका?" हे म्हणाले.

"चांगल्यातलं काप म्हणालात."

ह्यांना हसू फुटलं. किती दिवसांनी हसले ते. "अगं, पोरं पहिली आली म्हणून गाडीबी पहिली येईल का?" मग माझ्याच पदराला हात पुसले, त्याचं मला त्या दिवशी काही वाटलं नाही.

मग ह्यांनी एक पाऊल पुढं टाकलं. सिलिंडरच उलट थोडा खाली बसवला तर? खिडक्या उतरतील, ओढ आणखी वाढेल. कातकामाच्या लेथवर नेऊन बुडाची केसभर कड उतरवून आणली. मी सिमेंटच्या पिशवीचा पातळ कागद कापला. आता पिस्टन वर टोपणाला आपटेल का, ही भीती होती. मी कणकेची गोळी तेल लावून पिस्टनवर ठेवली, ह्यांनी टोपण कसलं आणि इंजिन हातानं एकदा फिरवलं. उघडून बघितलं तर गोळीची चपटी टिकली झाली होती, पण फाटली नव्हती. "जागा हाय," हे म्हणाले.

शेडमागच्या मुरमाच्या ढिगावर गाडी चढवली. किक मारून हलकं पेट्रोल दिलं तशी ती न किंचाळता, घुमत घुमत वर गेली. ऑटोवाला भाऊ पळत बघायला आला. मी पडद्याबाहेर उभी होते आणि ते माझ्या ध्यानातही नव्हतं.

मुंबईला फोन करून सिलिंडर रद्द केला. दुकानदारानं आगाऊ दिलेल्यातले निम्मे कापून घेतले. बाकीचे आले, पण कापलेल्या पैशांची भर कुठून घालायची हा प्रश्न होताच. पुढच्या शर्यतीत शेतमालक पहिले आले नाहीत, दुसरे आले. पण चिखलातून सगळ्यांच्या आधी त्यांचीच गाडी उठली, आणि ते दोस्तांनी पाहिलं. महिनाभरात चौघांचेही सिलिंडर आमच्याकडं आले. प्रत्येकाचं बुड लेथवर, प्रत्येकाला पातळ कागद, आणि प्रत्येकाच्या पिस्टनवर माझी कणकेची गोळी. शेतमालक एकदा पडद्याकडं बघून म्हणाले, "वहिनी, पिठाचं बिल वेगळं लावा." मी आतूनच हसले.

चौघांच्या मजुरीतून ती भर निघाली आणि मे महिन्यात मी एकटी मुखेडच्या एसटीत बसले. एवढ्या लांब एकटी मी तोवर गेले नव्हते. पैसे पोलक्यात होते, दर थांब्यावर हात लावून बघत होते. आक्का मशीनवर बसल्या होत्या. मी पुडकं पुढं केलं. त्यांनी पाय थांबवला, थुंकी लावून सगळ्या नोटा मोजल्या, मग पोरीला बोलावून तिच्याकडूनही मोजून घेतल्या.

"पुरे हायेत," पोरगी म्हणाली.

आक्का म्हणाल्या, "बस. भाकर खाऊन जा." पैसे फिटले होते, सगळे.