उशा देऊन टाकणारे तात्या

वॉर्डात औषधं कधी वेळेवर येत नसत, किस्से मात्र रोज येत. एकोणीसशे साठच्या आसपास मी पुण्याहून बंगळुरात शिकाऊ डॉक्टर म्हणून आलो, आणि माझे निम्मे किस्से एकट्या तात्यांनी पुरवले.

तात्या चिकपेटेतले रेशमी साड्यांचे व्यापारी. लिव्हरचं जुनं दुखणं, आणि आता दमही लागायचा. लिव्हर म्हटलं की दारू, हे आम्हा डॉक्टरांचं ठाम मत! प्रत्येक नवा डॉक्टर विचारायचा, "रोज किती घेता?" थेंबालाही न शिवलेले तात्या शांतपणे सांगायचे, "चार. फिल्टर कॉफी, साखर स्वल्प."

*

त्यांची खरी काळजी वेगळीच होती. तीन आठवड्यांवर एकुलत्या एका मुलीचं लग्न. "डॉक्टर, कन्यादानाला पाटावर बसता येईल ना?" असं रोज विचारायचे. मी हो म्हणायचो आणि माझंच मन मला खायचं.

*

दम लागलेल्या पेशंटला उशा लावून बसवायचं, हा वॉर्डाचा नियम. आमच्या सिस्टर, सगळ्यांच्या अक्का, नियमाला पक्क्या. त्या तीन उशा लावायच्या आणि तात्या हळूच काढून शेजारी द्यायचे. शेजारचा हर्नियाचा पेशंट आठवडाभर संस्थानिकासारखा लोडाला टेकून होता!

*

मोठे डॉक्टर राउंडला आले की अक्का तात्यांना ताठ बसवत. लगेच ओठ निळे आणि धाप. डॉक्टर गेले की तात्या आडवे, आणि थोड्या वेळात गप्पा सुरू. एकदा डॉक्टर स्टेथोस्कोप विसरले म्हणून परतले, तर तात्या उताणे पडून हसत होते.

"मला बघूनच निळे पडता की काय?" डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी तात्यांना बसवून नखं पाहिली, झोपवून पुन्हा पाहिली, आणि अक्कांना सगळ्या उशा काढायला सांगितल्या.

*

नंतर मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. लिव्हर फार दिवस बिघडलं की कधीकधी फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात, आणि रक्त पुरेसा ऑक्सिजन न घेताच पुढे पळतं. माणूस बसला की रक्त फुप्फुसाच्या तळाकडे उतरतं, आणि अशा वाहिन्या तिथेच जास्त. म्हणून दम बसल्यावर लागतो, झोपल्यावर नाही.

तात्या ऐकत होते. म्हणाले, "सरी, कळलं. गिऱ्हाईक दुकानावरून जातंय, आत येत नाही."

पण पाटावर बसणं जमणार नाही, हे त्यांना कळलं होतं. मला फार वाईट वाटलं.

*

लग्नाला मी आणि अक्का गेलो. बोहल्याशेजारी गादी घालून तात्या झोपलेले, रेशमी उपरणं, चेहरा गुलाबी. भटजी मात्र अडून बसले. यजमान आडवा असताना संकल्प सोडता येत नाही म्हणाले. मुलीच्या डोळ्यांत पाणी.

तात्यांनी झोपल्या झोपल्या हात पुढे केला.

"भटजी, श्रीरंगपट्टणचा रंगनाथ इतकी वर्षं शेषावर आडवाच आहे. त्याला कधी उठून बस म्हणालात? घाला पाणी."