एका बाजूनं जळणारा सिगार

माझ्या मावशीनं एकतीस वर्षं सिगार वळले आणि स्वतः एकही ओढला नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "मिठाई करणाराच खात बसला तर गिऱ्हाइकाला काय देणार?" आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं आणि कळती झाल्यावर कारखान्यात स्वतःशेजारी बसवलं. दोघींचं टेबल एक, टोपली एक, आणि टोपलीवर नंबर तिचा. तिथली पद्धतच ती; शिकणारीच्या कामाला शिकवणारी जबाबदार.

आता मी काही स्वतःला शिकणारी समजत नव्हते. दीड वर्षात माझा हात असा सुटला होता की मावशीचे तीस होईपर्यंत माझे पन्नास वळून व्हायचे. मग काय, माझा तोरा विचारूच नका.

एका सोमवारी आमच्या नंबरच्या पेट्या परत आल्या. तक्रार एकच, सिगार वाकडा जळतो. एक बाजू झरझर खाली येते, दुसरी तशीच कोरी राहते. सगळे नाही, पण निम्म्याहून जास्त. मालक म्हणाले, "मावशी, शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर टेबल सोडा आणि पेट्यांना लेबलं लावा." माझं डोकंच फिरलं. थकली असतील बिचारीची बोटं, म्हणून चारचौघांत असं बोलायचं?

मावशीला राग आलाच नाही. तिला प्रश्न पडला. "निम्मेच का गं? सगळे का नाही?" चार दिवस तिचं हेच चाललं होतं. पान दमट असेल का? खिडकीचा वारा लागत असेल? ओढणाराच घाई करत असेल? जेवताना घास हातात धरून थांबायची आणि म्हणायची, "एकच बाजू का?"

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत परत आलेला एक सिगार घेऊन ती धूरकाकांकडे गेली. मीही मागोमाग. रोज प्रत्येक टोपलीतला सगळ्यात वरचा सिगार ओढून बघायचा, एवढंच काकांचं काम.

"आण, पेटवतो," काका म्हणाले.

"नको, मीच पेटवते."

पहिल्याच झुरक्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून धारा. पण नजर सिगारवरून हलली नाही. थोड्याच वेळात एक बाजू पुढे पळाली.

"पळतेय तिला ओलं बोट लाव," काका सांगू लागले. "मागे राहिलेली बाजू खाली धर, आणि तिलाच जरा काडी दाखव. आता दम धर. मिनिटाला एक झुरका, बस."

जळती कड सरळ झाली. मी टाळ्याच पिटल्या. "बघा! लोकांनाच ओढता येत नाही!"

"थांब गं जरा," मावशी म्हणाली. आणि खरंच, तीच बाजू पुन्हा पळाली.

काका म्हणाले, "पेटवण्यात चूक असती तर सावरली असती. ही आतली आहे."

मावशीनं सिगार विझवला आणि नखानं वरचं पान सोडवलं. आत चार पानं एकावर एक ठेवून वहीसारखी मधोमध मुडपलेली. घड्या सगळ्या एका बाजूला घट्ट, मोकळ्या कडा दुसऱ्या बाजूला. त्या मोकळ्या बाजूनंच वारा शिरत होता. मावशी एकेक पान वेगळं दुमडते. वेळ वाचवायला चारही एकदम मुडपणारी आमच्या टेबलावर एकच होती. मी! भराभर वळून मी आधी उठायचे म्हणून माझे टोपलीत तळाला जायचे, आणि वरचे म्हणून काकांच्या हाती लागायचे ते मावशीचे.

तिनं ओळखलं होतंच. माझ्याकडे एकदा बघितलं, ती पानं मुठीत चुरगाळली आणि तडक मालकांच्या खोलीत गेली.

"माझाच हात चुकतोय," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? बसते मी लेबलांवर."

मालक मान डोलवत होते. त्यांना पटलंसुद्धा!

"खोटं बोलतेय ती!" मी दारातूनच ओरडले. "वाकडे सिगार माझे आहेत. तिचा एक तरी वाकडा जळला तर मला सांगा!"

मालकांनी मला सहा महिने लेबलांवर बसवलं. त्या दिवशी मावशी संध्याकाळपर्यंत मान खाली घालून वळत राहिली. घरी जातानाही माझ्यापुढे झपझप चालत होती. मला वाटलं, तिचा त्याग मी मातीत घातला, आता घरी पोचले की माझी धडगत नाही.

दारात कुलूप काढता काढता ती थांबली.

"बोललीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "टेबल सोडायचं म्हणताना माझे पाय लटपटत होते गं."