इंद्रनीलचा उशिरा सुटणारा चेंडू

आमच्या वन्संचा, सुचित्राताईंचा, मुलगा इंद्रनील आयर्लंडात, किलकेनीत वाढला. त्या गावात पोरं चालायला लागली की हातात हर्लिंग या तिथल्या खेळाची काठी येते. यानेही शाळा संपेपर्यंत ती चालवली. मग डब्लिनच्या कॉलेजात आला आणि अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये शिरला. मला वाटलं, फुटबॉल म्हणजे पायानेच. तर हा बहुतेक हातानेच खेळायचा, सोललेल्या नारळासारख्या लांबट चेंडूने. एक जण मागे उभा राहून चेंडू घेतो, बाकीचे पुढे पळतात, कोणाकडे फेकायचा ते त्या एकाने ठरवायचं. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. इंद्रनील क्वार्टरबॅक होता. समोरची धिप्पाड मुलं अंगावर येईपर्यंत जेमतेम तीन सेकंद मिळतात.

जवळचे चेंडू तो सुरेख द्यायचा. लांबचा म्हटला की बिघडायचं.

मार्च २०२० मध्ये आम्ही दोघं त्याचा सामना बघायला गेलो होतो. शेवटचं मिनिट होतं. त्याचा दोस्त ओशीन सगळ्यांना मागे टाकून एकटाच पुढे निघाला. इंद्रनीलने बघितलं, परत एकदा बघितलं, मग फेकला. तोवर दुसऱ्या टीमच्या मुलाने ओशीनला गाठलं होतं. चेंडू त्यानेच घेतला. आमची मुलं हरली. पुढच्या आठवड्यात देश बंद झाला. एरवी शनिवारी दुसरा सामना येतो आणि आधीचा पुसला जातो. याला दीड वर्षं तोच एक चेंडू पुरला.

वन्सं नर्स, त्यांची ड्यूटी कोविडच्या वॉर्डात. म्हणून तो आमच्याकडे डब्लिनच्या कडेला, सँट्रीला राहायला आला. जेवताना ताटाकडे बघत बसायचा. विचारलं की म्हणायचा, "ग्रँड आहे, मामी." काही ग्रँड नव्हतं.

शेवटी आमच्या ह्यांनी मनावर घेतलं. ह्यांचं काम औषधांच्या कारखान्यात क्वालिटीचं. एक सही, मग दुसरी सही, मगच माल बाहेर. घराचं कुलूपही तीनदा ओढून बघतात. पार्कात माझी कपड्यांची टोपली चाळीस पावलांवर ठेवली, स्टँडवर मोबाइल लावला आणि प्रत्येक फेक लॅपटॉपवर उतरवायला लागले. कोपर किती वर, चेंडू कुठे पडला, वारा कुठला.

"घाई नको. आधी खात्री कर, मग सोड," हे सांगायचे.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत दहातले सात चेंडू टोपलीत पडायला लागले. "मामा, सेव्हन!" म्हणून पोरगा उड्या मारत घरी आला. मी शिरा केला.

मे महिन्यात टीमचा सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी ओशीन पळाला, इंद्रनीलने खात्री करून घेतली आणि चेंडू दहा पावलं मागे पडला. परत फेकला, परत मागे. टोपली कुठे पळत होती!

त्यांचा कोच डेक्लन, तोंडावर बोलणारा माणूस. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "सप्टेंबरच्या सामन्यात मला लांबचा एक तरी पास पोचलेला हवा. नाहीतर तुझ्या जागी रोनन येईल, आणि मग तोच राहील."

त्या दिवसापासून ओशीन रोज संध्याकाळी पार्कात यायचा. मी कडेने चालत जप करायची. बोटात मोजणीचं छोटं यंत्र, श्रीराम जय राम जय जय राम, की एकदा बटण. आठवडाभर बघितल्यावर माझ्या ध्यानात आलं. इंद्रनीलच्या हातात चेंडू आल्यापासून सुटेपर्यंत माझे दोन जप व्हायचे. ओशीन टप्प्यात असायचा तो पहिला संपताना.

मी म्हटलं, "इंद्रनील, तुझे दोन होतात. एकात टाक."

"दोन व्हॉट?"

"जप."

तो आणि ओशीन दोघं हसत सुटले. "मामी, दॅट्स प्युअर मेंटल!"

हे मात्र हसले नाहीत. "देवाचं नाव काय स्टॉपवॉच आहे का?"

मलाही ते लागलं. संध्याकाळी दिवा लावताना हात जोडून म्हटलं, चुकत असेल तर ती चूक माझी, पोराची नको. दुसऱ्या दिवशी मी मैदानाच्या कडेला उभी राहून मोठ्याने म्हणायला लागले. अट एकच, शेवटच्या रामाला चेंडू हातातून गेला पाहिजे, ओशीन दिसो न दिसो.

चेंडू कुठेही जायला लागले. एक तर फिरायला आलेल्या बाईच्या कुत्र्यापुढे आदळला.

"बघ! म्हणून सांगत होतो, खात्री केल्याशिवाय..." हे लॅपटॉपवर वाकले.

इंद्रनील ओरडला, "मामा, प्लीज! हे नका लिहू."

 ह्यांनी लॅपटॉप मिटला आणि चेंडू आणायला स्वतः गेले. ऑगस्टअखेर दहातले पाच-सहा चेंडू ओशीनच्या आसपास पडायला लागले होते. पण पार्कात अंगावर कोणी धावून येत नव्हतं.

सामन्याच्या दिवशी पहिल्या अर्ध्यात डेक्लनने दोनदा लांबचा पास सांगितला. दोन्ही वेळा इंद्रनील चेंडू धरून बघत राहिला. दोन्ही वेळा त्याला आडवा केला. दुसऱ्यांदा उठायला वेळ लागला. कडेला रोनन खांदे मोकळे करत होता.

दुसऱ्या अर्ध्यात डेक्लनने एक बोट वर केलं. एकदाच, शेवटचं. चेंडू हातात आला. मला जप म्हणायचा होता, तोंड उघडेना. पण इंद्रनीलने वेळेवर फेकला. चेंडू असा उंच, असा लांब मी त्याच्या हातून कधी पाहिला नव्हता. आणि ओशीनच्या पंधरा पावलं पुढे गवतावर पडला.

डेक्लनने टोपी जमिनीवर आपटली. रोननने हेल्मेट घातलं.

तेवढ्यात ओशीन धावत कडेला आला. "डेक्लन, माझी चूक! मी थांबलो. हा नेहमी उशीर करतो, म्हणून मला मागे वळून थांबायची सवय लागलीय."

पार्कातही तो वळून थांबायचाच. आम्हाला ती रीतच वाटायची. चेंडू असा जमिनीवर पडला की आधीच्याच जागेवरून पुन्हा संधी मिळते, पण ती इंद्रनीलला द्यायची की रोननला, ते डेक्लनच्या हातात होतं. तो दोघांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अजून एक."

इंद्रनीलने ओशीनच्या हेल्मेटची जाळी धरून त्याचं डोकं जवळ ओढलं. काय बोलला ते ऐकू आलं नाही. पुन्हा सगळे जागेवर गेले. ओशीन निघाला, या वेळी मान न वळवता. दोन दांडगी मुलं इंद्रनीलच्या अंगावर आली, तो पडला, पण त्याआधी चेंडू गेला होता. हे माझा दंड दाबून उभे होते. ओशीनने पळता पळता हात पुढे केले आणि चेंडू त्यात आला.

सामना आम्ही तरीही चार गुणांनी हरलो. पण रोननने हेल्मेट काढून बाकाखाली ठेवलं ते परत घातलं नाही. जाताना डेक्लन इंद्रनीलच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पुढच्या शनिवारी वेळेवर ये."

पोरगा चिखलाने भरलेला, हनुवटी सोललेली. गाडीत बसताना मला म्हणाला, "मामी, तू म्हटलास तो जप?"

"नाही रे. माझी बोबडीच वळली होती."

"मी म्हटला," तो म्हणाला आणि ह्यांच्या नव्या सीटवर चिखलासकट आडवा झाला. ह्यांनी दार एकदाच ओढून बघितलं आणि गाडी सुरू केली.