टोपलीत उरलेल्या चपला

माझ्या धाकट्या दिराला बेटावर सगळे टोपलीकाका म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याचं नाक मीच पुसायचे, त्यामुळे मी नुसतं टोपल्या म्हणते. फारच राग आला तर 'अहो टोपलीकाका'.

त्याचं काम बोटीचं. परगावची माणसं सुट्टीला येतात, अंगाला चिकटणारा काळा रबरी पोशाख घालतात, पाठीवर हवेची टाकी बांधतात आणि हौसेनं पोवळ्यांच्या खडकांत बुडी मारतात. खाली त्यांना फिरवायला वाटाड्या असतो. वर आल्यावर सगळे आले का, हे बघायचं टोपल्यानं. पण काळ्या पोशाखात आणि काचेच्या मुखवट्यात सगळी एकाच आईची लेकरं दिसतात, शिवाय एका जागी बसतील तर शपथ. मोजता मोजता तो चुकायचा. म्हणून त्यानं आपली युक्ती काढली. बोटीत पाय ठेवायच्या आधी प्रत्येकानं चपला टोपलीत टाकायच्या, वर आल्यावर आपापल्या उचलायच्या. टोपली रिकामी झाली की इंजिन सुरू. धक्क्याची फरशी अशी तापते की चपला विसरून कोणी जाणार नाही. मला तर फार कौतुक वाटलं होतं.

मग ती बाई आली. धक्क्यावरच तिच्या चपलेचा पट्टा तुटला. हसत हसत तिनं दोन्ही चपला कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि अनवाणीच चढली. टोपल्या तेव्हा इंजिनात डोकं घालून बसला होता. खडकापाशी माणसं एकेक करून वर आली. वाटाड्या कानात कळ आली म्हणून विव्हळत पडलेला. ज्यानं त्यानं चपला उचलल्या, टोपली रिकामी झाली आणि टोपल्यानं बोट वळवली. धक्क्याला लागल्यावर बाकावर एक टॉवेल उरलेला दिसला, नीट घडी घातलेला.

तसेच मागे फिरले. पाणी काचेसारखं स्वच्छ, आणि त्यात कोणी नाही.

तिचा नवरा आला, सामान घेऊन गेला. कचऱ्यातल्या चपलांना कोण विचारतो! त्या टोपल्यानं काढल्या, पट्टा शिवून घेतला आणि टोपलीत ठेवल्या. निळ्या पट्ट्याच्या. तेव्हापासून टोपली कधी रिकामी व्हायचीच नाही. सगळ्यांनी आपापल्या नेल्या तरी ती जोडी उरायची. मग तो बोटीला एक फेरी मारायचा, पाण्याकडे बघायचा, "या बाई" म्हणायचा आणि मगच निघायचा.

आधी हे थोडक्यात उरकायचं. अलीकडे मात्र तो हलेचना. लोक उन्हात करपायला लागले, तक्रारी गेल्या. बोटीचा थोरला मालक असता तर चालवून घेतलं असतं. आता त्याचा मुलगा मालक आहे. तो म्हणाला, "काका, आणखी एक तक्रार आली तर किल्ली माझ्याकडे द्यायची." बोट गेली तर टोपल्याकडे उरणार काय? बायको नाही, मूल नाही. घरात बसून तो भिंतीतसुद्धा पाणीच बघेल.

त्याच आठवड्यात माझी नात मैत्रिणींना घेऊन बुडी मारायला आली. मी म्हटलं, मीही येते बोटीत.

"आजी, तुला बोट लागते," नात म्हणाली.

"लागू दे. मासे खातील, त्यांनाही बदल हवा."

मुली वर आल्या, कोणता मासा पाहिला यावरून भांडत चपला घालून बसल्या. टोपलीत निळी जोडी उरली. टोपल्यानं फेरी मारली, "या बाई" म्हणाला, आणि कठडा धरून उभाच राहिला. आभाळ काळवंडून आलं होतं. वाटाड्याच्या फोनवर मालक ओरडत होता, ते मलाही ऐकू येत होतं.

"काका, ती जोडी रोजच असते हो," वाटाड्या म्हणाला.

"वहिनी, बुडबुडे," टोपल्या म्हणाला. "खाली कोणीतरी आहे."

मी वाकून पाहिलं. खोटं कशाला बोलू, बुडबुडे होते. एकाच जागी, कोणी श्वास घ्यावा तसे, थांबून थांबून. नात म्हणाली, खडकातून येत असतील. असतील. पण ते बोटीच्या दिशेनं सरकत होते.

टोपल्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि हा आता उडी घालणार हे मला कळलं. मी माझ्या पायातल्या चपला सरळ समुद्रात भिरकावल्या. टोपलीतली निळी जोडी काढली आणि पायात घातली.

"ही बघ टोपली. आहे का काही? सगळे आले. चल घरी."

त्यानं टोपलीत पाहिलं. मग माझ्या पायांकडे, बराच वेळ.

"आलात?" म्हणाला. मला तो कधी असं अदबीनं, परक्यासारखं बोलत नाही.

मी म्हटलं, "आले."

इंजिन सुरू झालं. मी मागे वळून पाहिलं नाही.

बोट टोपल्याकडेच राहिली. आता टोपली रिकामी होते आणि तो वेळेवर निघतो. मालक खूश, सगळे म्हणतात काका सुधारले. फक्त रोज सकाळी कामावर जाताना तो आमच्या दारात थांबतो, माझ्या पायांकडे बघतो, मगच पुढे जातो. म्हणून मी त्या काढत नाही. मापाला अगदी बरोबर बसल्या आहेत. तळवे मात्र सदा ओले असतात. आणि अंगणात कितीही कडक ऊन असलं तरी माझ्या मागे फरशीवर पावलं उमटतात, ओली.