चाकण ते चिंचवड, मालकांच्या वर्गाला

नात हल्ली चिंचवडला योगशिक्षक व्हायला जाते आणि मोशीच्या सिग्नलला अडकली की मला फोन करते. मी पहिल्यांदा त्या रस्त्यानं गेले तेव्हा रस्ता मोकळा होता, डोकी मात्र गच्च भरलेली. ती म्हणाली, लिही, मी माझ्या ब्लॉगवर टाकते. तर घ्या.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. मालक शाळामास्तर, पण डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेवर. तिथं बायको न्यायची सोय नव्हती. योग शिकवण्याचं शिक्षण घेऊन पास झाले, तर चाकणच्या मोठ्या शाळेत जागा मिळणार होती. नाही तर ते डोंगरात, मी सासूपाशी. त्यासाठी ते चिंचवडला पवनेकाठच्या धर्मशाळेत राहायला गेले.

तेवढ्यात कांद्याच्या बाजारात कुणीतरी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला सांगितलं, "तुमचा मास्तर तिकडं डोळं मिटून बसतोय, कांदा सोडलाय. गोसावी व्हनार बघा." झालं. आत्याबाईंनी दुसऱ्याच दिवशी दशम्या बांधल्या. "चल, पोरगं घिऊन येऊ."

पहाटे बैलगाडीनं चाकण, तिथून एस.टी. भोसरीपर्यंत थोडे आणेच पडले, तरी आत्याबाई कंडक्टरशी भांडल्या, कारण मांडीवरच्या गाठोड्याचंही तिकीट तो मागत होता. मोशीला इंद्रायणी लागली, सगळ्यांनी देहूच्या दिशेला हात जोडले. भोसरीपासून चालत. दोन्ही बाजूंना ज्वारी, मध्ये गाडीवाट. आज तिथं कंपन्या आहेत. तेव्हा सावलीला बाभूळ शोधावी लागे. तुम्ही जाणार असाल तर सकाळची शिफ्ट सुटायच्या आत जा, एवढाच माझा सल्ला.

धर्मशाळेत पोचलो तर ओट्यावर माणसं ओळीनं उकिडवी. एका नाकपुडीत तोटीच्या भांड्यातलं कोमट मिठाचं पाणी, दुसरीतून बाहेर. त्यापलीकडे मालक. ओल्या कापडाची लांब पट्टी हळूहळू गिळत होते. टोक हातात.

"आगं माझ्या बाई! घरी दशमी नको म्हनायचा, आन् हितं धडपं गिळतोय!"

मालकांना ठसका लागला. पट्टी बाहेर. तिथले मोठे गुरुजी मात्र शांत. म्हणाले, "पोट धुवायची रीत आहे, आजी. शिकवणाऱ्यानं आधी स्वतःवर करायचं."

मग आम्हाला सावलीला बसवलं. मी बघत होते. भिंतीवर हाडांच्या सापळ्याचा तक्ता; कोणता मणका कुठं वाकतो ते बोट ठेवून सांगायचं. संस्कृत सूत्रं घोकायची. आसन करताना श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, कुणाला काय करू द्यायचं नाही, सगळं पाठ. मला वाटायचं पाय वर केले की झालं. तसं नव्हतं.

मालकांची परीक्षा त्याच दुपारी होती, आणि ती शिकवण्याची. शिकवायचं ते अगदी नवख्याला, हा तिथला नियम. शिकलेल्याला काय, मास्तर चुकला तरी तो बरोबरच करतो. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतला एक सिंधी दुकानदार यायचा होता, तो आलाच नाही. गुरुजींनी इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्यावर नजर थांबली. "या बाई नवख्या आहेत ना?"

आत्याबाई म्हणाल्या, "सून हाय माझी! बाप्यांपुढं न्हाई बसायची." मग चाकणची शाळा आठवली असावी. मला कोपरानं ढोसलं. "बस गं. पदर सोडू नको."

बसले. कासोट्याचं लुगडं, मांडी घालायला पायजम्यापेक्षा बरं. पण पदर तोंडावर, आणि लाजेनं श्वास छातीतच अडकलेला.

मालक म्हणाले, "अगं... श्वास सोड."

"अगं कोण?" गुरुजी म्हणाले. "शिकणाऱ्याला नाव असतं. मानानं हाक मारा."

आता घ्या! आमच्यात नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नसे, त्यातून समोर आई. मालकांचे कान लाल झाले. समोरचे बाकीचे मास्तर खाली मान घालून हसू दाबत होते. मालकांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी मान पवनेकडे फिरवली. त्यांनी आयुष्यात केलेली ही एकच मेहेरबानी.

"ठकूबाई," मालक म्हणाले, "पदर जरा खाली घ्या. खांदे सोडा. आता श्वास सोडा. सावकाश."

सुटला. असा सुटला, की पुढचा आपोआप आत आला. मग ते सांगत गेले, मी करत गेले, आणि सगळा वेळ 'ठकूबाई' आणि 'आपण'.

शेवटी गुरुजी एवढंच म्हणाले, "पास."

एस.टी.पर्यंत पोचवायला मालक आले. तिथं पुन्हा, "ऐकलंस का, तांब्यात पाणी आहे का?" घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "गोसावी कशाचा! पोट धुतोय तो."

चाकणला संसार थाटला. त्यांनी कैक पोरांना श्वास सोडायला शिकवलं, नावानिशी. मला मात्र जन्मभर 'ऐकलंस का'. मी तरी त्यांचं नाव कुठं घेतलं?

शेवटच्या दुखण्यात त्यांना धाप लागायची. एका सकाळी फारच लागली. खोलीत मुलं होती, सुना होत्या. मी खाटेवर टेकले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कोंडिबा," म्हटलं, "खांदे सोडा. श्वास सोडा. सावकाश."

सुनांनी तोंडाला पदर लावला. मालकांनी श्वास सोडला. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

म्हणाले, "पास."